अकरा वाजताची नळी

नळीच्या निळ्या झाकणावर चिकटवलेला कागद, त्यावर बॉलपेनने इंग्रजी आकड्यांत लिहिलेले रात्रीचे अकरा... दोन उभ्या रेघा, पट्टी धरून ओढाव्यात इतक्या सरळ. आत कापसाचा बोळा, चघळून चपटा झालेला. भुवनेश्वरीने नळी खिडकीच्या उजेडात धरली. उजेडात धरून लाळेतलं काही दिसत नाही, हे ती गेली तीन वर्षं सगळ्यांना बजावत आली होती. पण ही नळी तिची लाडकी होती, आणि लाडक्या गोष्टी माणूस उगीचच हातात घेतो.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी. त्यांचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक, लाळेतही सापडणारं, सकाळी चढतं, रात्री उतरतं. उतरलं नाही तर ग्रंथीत नाहीतर मेंदूच्या तळाशी गाठ असू शकते. आणि उजनीच्या काठावरच्या एकाच गावात, अकरा बायकांचं ते उतरत नव्हतं. अकरा! जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये केस विंचरताना तिने 'शोध' हा शब्द आरशासमोर दोनदा उच्चारूनही पाहिला होता — दुसऱ्यांदा जरा हळू, लाज वाटून. शोधनिबंध आज संध्याकाळी पाठवायचा होता. त्या अकरांतली पहिली, जिची ही नळी ती सोजरबाई, दवाखान्यात समोरच्या बाकावर बसली होती. गोल चेहरा, वाढलेली साखर, सगळं पुस्तकातल्यासारखं. गुरुवारी तिला पुण्याला स्कॅनसाठी न्यायचं, गाठ दिसली की ऑपरेशन.

"गुरवारी न्हाय जमायचं बाई," सोजरबाई म्हणाली. "या आठवड्यात शेतीला रातची लाईट हाय."

"लाईटचा काय संबंध, मावशी?"

"मालकांची कंबर धरलीया. उसाला दारं मलाच धरावी लागत्यात. दहाला जाते, पाचला येते. मग दिवसा पुण्याला कसं यायचं?"

भुवनेश्वरीच्या हातातली नळी तशीच राहिली. "मग ही... ही कुठे घेतलीत?"

"बांधावर. तवाबी रातचीच लाईट व्हती. तुमी अकराला सांगितलं, अकरालाच घेतली की. मोबाईलमदी बघून. समद्याजणींनी तशीच घेतली, आमचा डीपी एकच हाय न्हवं."

एकच डीपी. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या अकरा मोटारी, अकरा बायका चिखलात पाय रोवून पाणी वळवताहेत, आणि ठरल्या मिनिटाला तोंडात कापूस धरताहेत — कारण सोलापूरच्या बाईंनी सांगितलंय. जागं राहून राबणाऱ्या शरीराचं कॉर्टिसॉल उतरेल कशाला? रात्रपाळीवाल्यांवर ही चाचणी चालतच नाही. हे मला ठाऊक नव्हतं? शिकताना मीच रात्रीच्या ड्यूटीवरून माझी लाळ दिली होती, आणि सरांनी माझ्या नावावर काट मारली होती, हसत — तू जागी होतीस ना, मग तू मोजमापात नाहीस. म्हणून तर फॉर्ममध्ये सातवा प्रश्न मी स्वतः घातला, रात्रपाळी आहे का... पण तो फक्त नोकरीवाल्यांसाठी. आणि बायकांचे फॉर्म भरताना, अकराच्या अकरा, एकीलाही न विचारता, मी 'गृहिणी'वर खूण केली. पेन उचललंसुद्धा नाही.

आता छातीत काहीतरी कोसळेल म्हणून ती थांबली. तीन वर्षांचं काम होतं, कोसळायला हवंच होतं. कोसळलं नाही. उलट आधी आला तो आनंद, अगदी बावळट, सोजरबाईला गाठ नसेल याचा. नसेलच असं नाही. साखर आहे, चेहरा आहे. पुन्हा मोजावं लागेल.

"दिवसाची लाईट कधी येणार, मावशी?"

"सोमवारपास्नं. पर दोन-तीन दिवस झोप काय लागत न्हाय नीट."

तेही सोजरबाईलाच माहीत होतं. भुवनेश्वरीने वहीत लिहून घेतलं, तिच्याच शब्दांत. मग फोन उचलला, पुण्याची गुरुवारची वेळ पुढे ढकलली, अकराही जणींचे नमुने पुन्हा घेण्यासाठी पुरेशा रात्री झोपून झाल्यावरची तारीख शोधू लागली. निबंधाचं पान समोर उघडंच होतं. ते बंद करावं की नवा मथळा द्यावा, तिला ठरवता येईना. संध्याकाळी कदाचित रडूही येईल, तिचा स्वतःवर तेवढा भरवसा होता.

"मावशी, एक विचारू? पाणी धरताना तुम्ही..."

तिने मान वर केली. सोजरबाई भिंतीला डोकं टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं, मांडीवरच्या पिशवीचे बंद मुठीत घट्ट. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. बाहेर रिक्षांचे हॉर्न, ऊन, दवाखान्याची गर्दी.

भुवनेश्वरी उठली, आवाज न करता, आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. त्या अर्ध्या अंधारात ती जरा वेळ उभी राहिली. किती दिवसांनी तिला कसलीच घाई वाटत नव्हती.