वाम, बुटासह

गळ टाकणाऱ्यांच्या संघाच्या खोलीत शिरलं की समोरच फळा दिसतो. गोड्या पाण्यातले तेवीस मासे, प्रत्येकापुढे गळाने धरलेल्या सगळ्यात मोठ्या माशाचं अधिकृत वजन, त्यापुढे धरणाऱ्याचं नाव, पिवळ्या रंगात. बावीस ओळी भरलेल्या. त्यातल्या चार एकट्या अध्यक्षांच्या. शेवटून तिसरी ओळ 'वाम', आणि वामेपुढे नुसतं लाकूड.

चिटणीस एकोणीस वर्षं या फळ्याची राखण करत होते. वरचं प्रत्येक वजन त्यांना पाढ्यासारखं पाठ. त्यांचं स्वतःचं नावही फळ्यावर होतं, पण अगदी तळाशी, बारीक अक्षरात, 'नोंदी तपासल्या' या शब्दांपुढे. चाळीस वर्षं गळ टाकून बसलेल्या माणसाला एवढ्यावर समाधान मानता येत नाही. आपल्याला मानता येतं, असं ते बायकोला आठवड्यातून एकदा सांगत.

पेशाने ते वजनमापे निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासायचे, शिक्का मारायचा, पारड्याखाली चुंबक सापडला की जप्तीचा कागद करायचा. बाजारपेठेत तोंडावर त्यांना 'साहेब' म्हणत आणि पाठ फिरली की 'तोळामासा'. त्यांना दोन्ही माहीत होतं आणि दुसरंच जास्त आवडत होतं.

वामेची ओळ रिकामी राहण्याचं कारणही तेच होते. संघाचे अकरा नियम त्यांनीच लिहिलेले. मासा जिवंत तोलायचा आणि दहा मिनिटांच्या आत पाण्यात सोडायचा. ज्या पिशवीत तोलायचा ती ओली करून वेगळी तोलायची आणि तिचं वजन वजा करायचं. दोन साक्षीदार, त्यातला एक नात्याबाहेरचा. आणि नियम सहावा, काटा दहा अंक मोजेपर्यंत हलता कामा नये. बाकी मासे दहापर्यंत कसेबसे दम धरतात. वाम म्हणजे सापासारखी लांब, अंगभर लिबलिबीत आणि स्वभावाने बंडखोर. आजवरचा उच्चांक चारचा. तोही अध्यक्षांच्या वामेचा, आणि मोजलं होतं अध्यक्षांनीच.

गेल्या महिन्यात या रिकाम्या ओळीवर खास बैठक झाली होती. पहिली नोंद करायची तर निदान किती वजन हवं ते ठरवणं भाग होतं, नाहीतर उद्या कुणीही बोटभर वाम खिशात घालून यायचा. अध्यक्ष म्हणाले, तीन किलो. खजिनदारकाका, वय वर्षं ब्याऐंशी, झोपेतून उठून म्हणाले, "एकच कप." तो 'एक' किलो धरण्यात आला, सरासरी दोन निघाली. तेवढ्यात चहा आला, आणि चहानंतर इतिवृत्तात 'दोन किलो शंभर ग्रॅम' असा आकडा होता. वरचे शंभर कुठून आले ते कुणालाच सांगता येईना. चिटणीसांनी खाली सही केली.

आणि आज रविवारी, सकाळी सव्वानऊला, तलावाच्या काठी, त्यांच्या गळाला वाम लागली.

"अहो, साप आहे तो," बायको घडीच्या खुर्चीतून, शब्दकोडं खाली न ठेवता म्हणाली.

"वाम आहे."

"केवढी आहे?"

"दोन किलो," चिटणीस म्हणाले. मग घसा साफ करून, "आणि वर काहीतरी." त्या काहीतरीवरच सगळा जीव टांगला होता. बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते खोलीकडे जे सुटले, ते पन्नाशीच्या माणसाला शोभेल अशा चालीने नव्हे. बायको खुर्ची काखोटीला मारून मागून आली.

खोलीत अध्यक्ष स्टुलावर चढून फळ्यावरच्या आपल्या चार ओळी फडक्याने पुसत होते. बाकीच्या अठरा ओळी रंगकाम खराब होऊ नये म्हणून ते पुसत नसत. अध्यक्ष म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर आणि चिटणीसांचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. खजिनदारकाका कोपऱ्यात आरामखुर्चीत झोपले होते.

"काय धाकटे, आज नवऱ्याला घाम फुटलाय," अध्यक्ष मेव्हणीला म्हणाले. मग त्यांनी बादलीत पाहिलं आणि ते स्टुलावरून उतरले. "किरकोळ दिसतेय."

"काटा सांगेल," चिटणीस म्हणाले.

"काटा काय सांगणार? दहापर्यंत टिकायला नको?" अध्यक्ष दात दाखवून हसले. धंदाच तो. "आणि नात्याबाहेरचा साक्षीदार? मी साडू, ही बायको, काका तुमच्या आत्याचे दीर."

एवढ्यात बेकरीवाला रविवारचे पाव घेऊन दारात आला. त्याच्या हातातली पाटी काढून घेण्यात आली आणि त्याला साक्षीदार करण्यात आलं. चिटणीसांनी गेल्याच वर्षी त्याच्या तराजूला शिक्का नाकारला होता, तेव्हा त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती.

पिशवी ओली झाली. वाम पिशवीत गेली. पिशवी आकड्याला टांगली. तबकडीवरचा काटा एकवर गेला, तीनवर गेला, दीडवर आला आणि तापाच्या रुग्णासारखा थरथरू लागला.

"एक," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन."

"डॉक्टर, जरा भराभर."

"मोजणी म्हणजे दात उपटणं नाही, चिटणीस. तीन."

तीनलाच वाम पिशवीबाहेर आली. ती आधी अध्यक्षांच्या बाहीत गेली, अध्यक्ष काहीतरी न छापण्याजोगं बोलले, मग ती कॉलरमधून निघून जमिनीवर पडली. पुढची दोन मिनिटं तीन कर्ते पुरुष फरशीवर रांगत होते. बेकरीवाला घसरला तो थेट कपाटापर्यंत गेला. त्याला ते आवडलं असावं, कारण येताना तो पुन्हा तसाच घसरत आला. चिटणीसांनी तिला दोनदा धरलं आणि दोनदा त्यांच्या हातात फक्त चिकटा उरला. खजिनदारकाकांनी झोपेतच दोन्ही पाय उचलले, वाम खालून गेली, काकांनी पाय खाली ठेवले. मग ती दिसेनाशीच झाली.

"गेली," अध्यक्ष गुडघ्यावर बसून म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण ते त्यांना नीट जमत नव्हतं.

"कुठे जातेय," बायको म्हणाली. जाग्या माणसांत ती एकटीच खुर्चीत बसून होती. "भावोजींच्या गमबुटात आहे. डाव्या."

दाराशी अध्यक्षांचे गमबूट उभे होते. डाव्यात डोकावलं तर तळाशी वाम वेटोळं घालून, आयत्या बिळावर नागोबासारखी, निवांत पडली होती.

"कशी गप बसलीय बघा," बायको म्हणाली. "अंधार आणि चार भिंती मिळाल्या की कुणीही बसतं. तुम्ही नाही का रविवारी दुपारी. उचला आता बुटासकट."

चिटणीसांनी क्षणभर अकरा नियम मनात चाळले. पिशवी कशाची असावी हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपण एवढं महत्त्वाचं कलम कसं विसरलो याची त्यांना लाज वाटली, आणि त्या लाजेने त्यांचं काळीज नाचू लागलं.

बुटाच्या दोन कानांत सुतळी ओवली. बेकरीवाल्याला वामेची दया आली, त्याने बादलीतलं पाणी मगाने बुटात ओतलं. बूट आकड्याला टांगला. काटा चारच्या पुढे गेला आणि खिळा ठोकल्यासारखा उभा राहिला.

यावेळी मोजलं बायकोने. दहा झाले तरी तिने खात्रीसाठी पंधरापर्यंत मोजलं.

"चार किलो दोनशे साठ," चिटणीस म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता.

मग वरात निघाली. सगळ्यात पुढे बूट मुलासारखा कडेवर घेतलेले चिटणीस, मागे बेकरीवाला, बायको, आणि एका पायात बूट घातलेले अध्यक्ष, लंगडत. काठावर बूट उपडा केला. वाम भसकन पाण्यात गेली आणि आभारबिभार न मानता दिसेनाशी झाली. आठ मिनिटं झाली होती. चिटणीसांनी नियमाप्रमाणे वेळ लिहून घेतली आणि नियमात नसताना बेकरीवाल्याला मिठी मारली.

परत येऊन रिकामा ओला बूट तोलला. सुतळीही आठवणीने सोबत टांगली. वजनमापे निरीक्षकाच्या हातून काही सुटायचं नाही. एक किलो तीनशे दहा.

"वजा जाता दोन किलो नऊशे पन्नास," चिटणीस म्हणाले. "दोन किलो शंभरच्या वर आठशे पन्नास." त्यांनी खडू उचलला. पिवळा रंग नंतर यायचा, पण खडूने आत्ताच लिहायला काय हरकत होती. 'वाम'च्या पुढे त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर उमटलंसुद्धा.

आणि खडू थांबला.

"पाणी," ते म्हणाले.

सगळ्यांनी बुटाकडे पाहिलं.

"बुटात पाणी होतं. ते वामेबरोबर गेलं. सुतळी तोलली आणि पाणी तोललं नाही." ते बेकरीवाल्याकडे वळले. "किती मग ओतले?"

बेकरीवाल्याने आढ्याकडे पाहिलं. "एक." मग, "दोन असतील. घाईत कोण मोजतंय साहेब."

मगात बरोबर अर्धा किलो पाणी मावतं. चिटणीसांना ते माहीत होतं, मगाला त्यांनीच खूण केली होती. एक मग असेल तर वाम दोन किलो साडेचारशेची, आणि नाव फळ्यावर. दोन असतील तर दोन किलोला पन्नास कमी, आणि पुढे पुन्हा नुसतं लाकूड.

"नीट आठवा," बायको बेकरीवाल्याला म्हणाली. "एकच होता ना?"

"ताई म्हणतात तर एकच."

"अहो, एकच म्हणतोय तो."

 अध्यक्ष नुसते चष्मा पुसत उभे राहिले.

चिटणीसांनी खडू खाली ठेवला. चाळीस वर्षांत एकदा एवढं जवळ आलेलं, आणि मधे एक मग. "अंदाजाने तोलतो म्हणून मी या माणसाचा शिक्का अडवला," ते म्हणाले. "आता त्याच्याच अंदाजावर स्वतःचं नाव लिहू? नाही जमायचं." आणि आपल्या नावाचं अक्षर पुसायला त्यांनी अध्यक्षांच्या हातातलं फडकं मागितलं. ते फार तत्परतेने मिळालं.

"काट्याने काय सांगितलं?"

कोपऱ्यातून आवाज आला. खजिनदारकाका डोळे उघडे ठेवून बसले होते. हे इतकं विरळा की त्यांच्याकडे सगळेच वळले.

"चार दोनशे साठ, काका."

"तेव्हा आकड्याला काय होतं?"

"वाम. बूट. सुतळी. पाणी."

"मग तेच लिहा की. जे टांगलं ते लिहायचं. यात खोटं काय?" काकांनी डोळे मिटले. "चहा आला की उठवा."

चिटणीसांनी शोधलं, आणि खरंच काही खोटं सापडेना. वजन अचूक. काटा स्थिर. साक्षीदार नात्याबाहेरचा. फक्त 'वाम' या ओळीत ते बसत नव्हतं. त्यासाठी नवी, चोविसावी ओळ हवी, आणि नवी ओळ अध्यक्षांच्या मंजुरीशिवाय नाही.

"नामंजूर," अध्यक्ष म्हणाले. "बुटासह वाम. उद्या जग हसेल. आणि बूट माझा आहे."

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली. तिने शब्दकोडं बाजूला ठेवलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "बूट तुमचा म्हटल्यावर तुमचंही नाव लिहावं लागणार. वाम यांची, बूट अध्यक्षांचा. भावोजींच्या पाच ओळी होतील."

अध्यक्षांनी फळ्याकडे पाहिलं. ओठ हलले, ते पाचपर्यंत मोजत होते, आणि यावेळी भराभर.

"बूट डावा असंही लिहाल ना?" ते म्हणाले. "अचूक असावं."

पुढच्या रविवारी रंगारी येऊन गेला. 'वाम (गमबूट डावा, सुतळी व पाणी यांसह) — ४ किलो २६० ग्रॅम'. ओळ इतकी लांबली की चिटणीसांचं नाव चौकटीवर चढलं आणि अध्यक्षांचं बूट-मालक म्हणून थेट भिंतीवर गेलं. चिटणीस दर पाच मिनिटांनी मागे सरून ते वाचत होते. जवळून वेगळं दिसायचं, लांबून वेगळं, आणि दारातून सगळ्यात सुंदर.

दारातूनच त्यांना अध्यक्ष येताना दिसले. नवे कोरे गमबूट, मापाला तेरा, मांड्यांपर्यंत. पावलागणिक आतला पाय आधी चालत होता आणि बूट मागून येत होता. त्यांच्या मागे संघाचे आणखी सात सदस्य, सगळ्यांच्या पायात कुणाच्या ना कुणाच्या थोरल्या भावाचे बूट, बदकांच्या रांगेसारखे. बूट जड तर नोंद जड, हे सगळ्यांना कळलं होतं.

चिटणीसांनी वही उघडली. नियम बारावा, त्यांनी लिहिलं, आणि हसू आवरेना म्हणून पेन्सिल दातांत धरली.

"अहो," बायको त्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, "बुटाचं माप ठरवायचंच असेल तर आधी तुमचं मोजून घ्या. भावोजींना सात बसतात, तुम्हाला नऊ."

चिटणीसांनी तिच्याकडे बघितलं. मग दातांतली पेन्सिल काढली आणि लिहिलं: बूट मासा धरणाऱ्याच्या स्वतःच्या मापाचा असावा.