जखम भरायचा मंत्र

"वहिनी, हे नियमात बसत नाही," भाऊजी तिसऱ्यांदा म्हणाले आणि पुस्तकाचं तेच पान त्यांनी तिच्यापुढे सरकवलं.

"मग वाचा ना मोठ्याने."

धाकटे दीर कोर्टात कारकून. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून हा गुहा-राक्षसांचा खेळ तेच चालवायचे, त्यामुळे खेळातले न्यायाधीशही तेच. त्यांनी घसा साफ केला. "जादूगाराची पातळी वाढली, की येत असलेल्या मंत्रांपैकी एक सोडून त्याच्या जागी नवा घेता येतो."

"माझी पातळी वाढलीय. जखम भरायचा सोडते, उडायचा घेते. यात एवढा काथ्याकूट कसला?"

"जखम भरायचा पहिल्या पायरीचा, उडायचा तिसऱ्या! तोडीस तोड नको का?"

"तसं लिहिलंय कुठं?"

"नियमाचा हेतू बघावा लागतो, वहिनी."

"मागच्या महिन्यात तुमच्या बायकोने दिवा लावायचा देऊन वीज पाडायचा घेतला. तेव्हा हेतू काय गावाला गेला होता?"

जाऊ फाशाशी चाळा करत हसली, मग एकदम गंभीर झाली. "ते वेगळं हो, जाऊबाई. तुम्ही जखमा भरल्या नाहीत, तर आम्ही गुहेत मरायचं का?"

म्हणजे खरं दुखणं हे होतं. तिचं डोकंच फिरलं. पहिल्याच रविवारी सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, ही नर्स आहे, हिलाच हा मंत्र द्या. आठवडाभर वॉर्डात 'सिस्टर, ड्रेसिंग', 'सिस्टर, माझी रात्रपाळी बदला ना'. घरी यावं तर कुणी शिंकलं तरी तिच्याच नावाने हाका. आणि या टेबलावरच्या खोट्या जगातही तेच? घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं! तिला एकदा तरी कुणाची जखम न पुसता, न बांधता, नुसतं वर उडायचं होतं.

"नियमात आहे. मी घेतला," असं म्हणून तिने आपल्या कागदावरचा मंत्र खोडला. चहाचा रिकामा कप नकाशावर उपडा घातला आणि उडाल्याची खूण म्हणून आपली सोंगटी त्यावर ठेवली. भाऊजी पुटपुटले, पण नियमापुढे त्यांचंही काही चालेना.

थोड्याच वेळात गुहेतल्या अजगराने शेपटी मारली आणि तिच्या नवऱ्याचा योद्धा आडवा झाला. सवयीने तिघंही तिच्याकडे बघायला लागले.

"अगं, बघतेस काय? मरतोय मी."

"माझ्याकडे तो मंत्र नाही आता."

"मग आम्ही करायचं काय?"

"पट्टी बांधा. पुस्तकाचं शेवटून दुसरं पान. जवळ असेल त्या कुणालाही बांधता येते."

भाऊजींनी पान उलटलं. नियम होता. पहिल्या दिवसापासून होता.

"वहिनी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"तुम्हाला कधी त्याची गरजच पडली नाही."

 जाऊने पट्टीसाठी फासा टाकला. फक्त दोन. पट्टी सुटली. नवऱ्याने जीव मुठीत धरल्यासारखं तोंड केलं. "मी वरून आणखी कापड गुंडाळते," जाऊ घाबरून म्हणाली आणि तिने फासा पुन्हा उचलला.

आधी दाबून धर गं, मग गुंडाळ. शब्द अगदी ओठांवर आले होते. हात आपसूक पुढे गेला. तिने तो मागे घेतला, मांडीखाली घट्ट दाबला आणि कपावरच्या सोंगटीकडे बघत बसून राहिली.