बाकावरून दिसलेली नदी

"इंग्रज वस्तीवरचा पहारा उठला! गोरे शिपाई बोटींवर पळाले!" शेजारची चियाओ काकू गल्लीभर ओरडत सुटली. मी पेजेचा वाडगा तसाच टाकला आणि बाबांना ओढतच बाहेर काढलं.

हानकौच्या इंग्रज वस्तीतल्या नदीकाठावरून बाबांनी जन्मभर चहाच्या पेट्या वाहिल्या. पण तिथल्या बाकांवर बसायची चिनी माणसाला बंदी होती. एकदा पाय मुरगळला म्हणून ते जरा टेकले, तर पोलिसाच्या काठीनं खांदा सुजला होता.

आज तिथं माणसांचा पूर लोटला होता, फटाके तडतडत होते. बाबा मात्र बाकापाशी येऊन थबकले.

"अहो लुओभाऊ, बसा की! बाक काय चावतंय?" काकू म्हणाली.

"कोणी येणार नाही ना गं?" बाबांनी मला विचारलं.

"येऊ दे की! मी बघते त्याच्याकडे."

ते अंग चोरून टेकले, मग ऐसपैस बसले आणि एकदम ओरडले, "अगं युनशिउ, केवढी रुंद आहे ही नदी! पाठीवर ओझं असलं की नुसते पायाखालचे दगड दिसायचे गं!"

"म्हातारबा, उठा आता, आमची पाळी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"उठतोय कोण?" बाबा हसत सरकले. "या, बसा शेजारी!"