हॅन्डलवरची रेघ

पुंजाजीचा कोणावरच भरवसा नव्हता. दुकानदार मापात पाप करणार, डॉक्टर सुईत पाणी भरणार आणि सख्खा भाऊ संधी मिळाली की नाडणार, हे तो धरूनच चालायचा. बरं, आजवर त्याला कोणी मोठंसं फसवलंही नव्हतं. पण तसं म्हटलं, तर म्हणायचा, “मी डोळे उघडे ठेवतो म्हून!”

आसेगावच्या शिवारात दोघा भावांचा भाजीपाला होता. वेगळे निघाले तेव्हा शेत वाटलं, भांडी वाटली, बैलसुद्धा एकेक घेतला. उरली विहीर अन् सायकल. त्यांचे दोन तुकडे कसे करणार? मग पाळ्या लावल्या. आज विहिरीचं पाणी याचं, तर सायकल त्याची. उद्या उलट. सायकलवाल्यानं भाजीचं पोतं बांधून मंगरूळपीर गाठायचं. पुंजाजी ताडासारखा उंच, धाकटा चंपत बुटका. त्यामुळे याची पाळी आली की हॅन्डल वर, त्याची आली की खाली.

आता पुंजाजीची अक्कल पाहा. आपल्या पाळीला, आपण बाजाराहून आल्यावर चंपत चोरून सायकल नेतो, असं त्याच्या मनानं घेतलं. पकडायचा कसा? धोबी कपड्यावर बिब्याची खूण करतो, ती जन्मात जात नाही. यानंही बिबा दिव्यावर धरला, सुई टोचून तेल काढलं आणि हॅन्डलचा दांडा जिथं नळीत शिरतो तिथं बारीक रेघ ओढली. चंपतनं हॅन्डल हलवलं की रेघ हलणारच. हा उद्योग गेल्या उन्हाळ्यात सुरू झाला आणि दर पाळीला चालू राहिला. चोर काही सापडला नाही. पण शंका कुठं जाते?

अन् एका पहाटे हॅन्डल वर येईना. मधला बोल्ट सैल केला, त्यावर हातोडी घातली, तरी दांडा जागचा हलत नव्हता. चंपतच्या मापावर, खालीच अडकलेला!

“मुद्दाम जाम केलं त्यानं,” पुंजाजी दात खात म्हणाला. “मले सायकल चालवता नाई आली पायजे, म्हंजे सायकल त्याची!”

“काहीबाही नका बोलू,” त्याची बायको भागिरथा म्हणाली. “संशयाले औषध नाई म्हंतात ते खोटं नाई.”

पण त्याचं डोकं फिरलेलंच होतं. पाणी त्या दिवशी चंपतचं. त्याचं कांद्याचं रोप नुकतंच वर आलेलं, वर उन्हाळ्याची झळ. पुंजाजीनं मोटर लावली, चंपतकडच्या पाटाचं तोंड चिखलागवतानं गच्च बुजवलं आणि पाणी आपल्या मिरचीत सोडलं. मग गुडघे हॅन्डलला आपटत, कुबड काढून मंगरूळपीरला निघाला.

स्टँडाजवळ गुलाबसिंगचं सायकलचं दुकान होतं. पुंजाजी त्याच्यासमोर उकिडवा बसला. यानं चाकातले छर्रे बदलले तर? चंपतनं याला आधीच फितवलं असलं तर?

“तिकडं सावलीत बस ना बाप्पा,” गुलाबसिंग म्हणाला.

“इथंच बरा हाय.”

गुलाबसिंगनं सायकल उलटी केली, पुढचं चाक काढलं, नळीत खालून रॉकेल ओतलं. लोखंडी कांब घालून ठोकलं. चाकाचा चिमटा गुडघ्यांत धरून हॅन्डलला पिळा दिला. ढिम्म! त्यानं नळीच्या तोंडाशी खिळ्यानं कोरलं, तर काळा, चिकट गाळ निघाला.

“पाह्य!” पुंजाजी उसळला. “डांबर ओतलं त्यानं! तू साक्षी हायेस गुलाबसिंग!”

“थांब, तापवतो, मंग सुटंन,” म्हणत गुलाबसिंगनं कोरलेला गाळ चिंधीनं पुसला आणि तीच चिंधी पेटवून नळीजवळ नेली. धूर निघाला. तो वास नाकात शिरताच पुंजाजी ताडकन उठला.

“फेक ते! फेक! तोंड सुजंन तुहं! बिबा हाय तो!”

गुलाबसिंगनं चिंधी धुळीत टाकून पायानं विझवली. मग वर पाहिलं. “तुले कसं मालूम, बिबा हाय म्हून?”

पुंजाजीनं नजर चुकवून चिंधीवर पायानं धूळ लोटली.

“खाई त्याले खवखवे,” गुलाबसिंग एवढंच बोलला. दर पाळीची रेघ हॅन्डलबरोबर खाली नळीत जात होती, धूळ अन् गंज धरून तिची लाखच झाली होती. आणखी रॉकेल पाजल्यावर दांडा चरचरत निघाला. काळाकुट्ट.

हॅन्डल वर घेऊन पुंजाजी परतला. पाठ सरळ होती, पण जिवाला चैन नव्हतं. ते रोप! त्यानं पायडल मारमार मारले.

मळ्यात लाइन गेलेली, मोटर बंद. चंपत बादलीनं पाणी ओढून रोपाला घालत होता. अर्धं रोप माना टाकून पडलं होतं.

“आला दादा?” तो हसून म्हणाला. “पाट बंद दिसला. म्हटलं, तुह्या मिरचीले पानी कमी पडलं असंन. घे म्हटलं आज तू.”

किती सोपं होतं, हो म्हणणं! पुंजाजीच्या तोंडावर आलंही होतं. पण खरं काही त्याला गिळता येईना. बिबा, रेघ, पाट, सगळं त्यानं ओकून टाकलं. “चुकलं माह्यं, चंपत. तुह्यावर शक घेतला म्या.”

चंपतनं बादली खाली ठेवली. “वरीसभर रेघा मारत होता?”

“हो.”

“बरं,” चंपत म्हणाला आणि पुन्हा बादली उचलली.

पुंजाजीला वाटलं, मिटलं. पुढच्या पाळीला त्यानं पहाटे उठून स्वतः मोटर लावली, चंपतच्या पाटाचं तोंड रुंद केलं. एवढ्यात खांद्यावर फावडं टाकून चंपत आला.

“तू कायले आला एवढ्या सकाळी? सोडलं ना म्या पानी.”

“असू दे दादा. तू जाय बाजारले.”

पुंजाजी सायकल घेऊन निघाला. वळणावर त्यानं मागं पाहिलं. रोपात कितीतरी काम पडलं होतं, पण चंपत तिकडं गेला नव्हता. दोघांचे पाट वेगळे होतात तिथं बांधावर तो बसला होता, आणि पुंजाजी नजरेआड होईपर्यंत तिथून उठला नाही.