खुर्चीभोवतीचं डांबर

आमचा आमदार लेनी मिखालिक बोलावलं नसलं तरी येतो. बारसं असो, मयत असो, अग्निशमन दलाचा बिंगो असो की शाळेच्या बँडवाल्यांनी वर्गणीसाठी काढलेली गाड्या धुण्याची मोहीम असो, लेनी तिथे ओल्या हातांनी उभा असतो. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या शुक्रवारी तर एकाच संध्याकाळी तो मतदारसंघातल्या सगळ्या चर्चच्या तळघरांत तळलेला मासा खातो आणि प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून म्हणतो, "खरा मासा इथलाच." तिकडे हॅरिसबर्गला, विधानसभेत, तो नेमकं काय बोलतो हे आम्हाला ठाऊक नाही. आम्ही विचारत नाही, तो सांगत नाही, आणि त्यामुळे आमचे संबंध चांगले आहेत.

गेल्या वर्षीच्या उपासातल्या पहिल्याच शुक्रवारी मिसेस वारगोंनी त्याला आमच्या चर्चच्या तळघराच्या दारातच गाठलं.

इर्मा वारगो हेमलॉक स्ट्रीटच्या अगदी टोकाला राहतात. हेमलॉक स्ट्रीट हा रस्ता नदीकाठच्या चर्चपासून निघतो आणि शिडी लावल्यासारखा टेकडीवर चढतो. चर्चच्या पिरोगीची, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंजीची, पारी गेली कित्येक वर्षं त्यांच्या हाताखाली लाटली जाते. कुणाची पारी जाड झाली की त्या काही बोलत नाहीत, फक्त ती उचलून उजेडाकडे धरतात. त्यानंतर लाटणारी बाई बहुधा भांडी घासायला जाते.

"लेनी, तो मासा खाली ठेव," मिसेस वारगो म्हणाल्या.

लेनीनं ठेवला.

"ज्येष्ठांची ने-आण करणारी गाडी आमच्या टेकडीवर यायची बंद झाली. ड्रायव्हर म्हणतो, खड्ड्यांत गाडीचे पाटे तुटतात. आज मी खाली कशी आले माहीत आहे? या स्टॅशच्या ट्रकमध्ये, मागे, कोबीच्या पोत्यावर बसून."

"पोतं मऊ होतं," शेजारचा स्टॅश बेन्को म्हणाला.

"तू गप्प बस. लेनी, माझी डोरीन म्हणते, ईस्टरपर्यंत गाडी सुरू झाली नाही तर ती येऊन मला घेऊन जाणार. कुठे? ओहायोला!"

 तळणीपुढची माणसंसुद्धा थांबली. आमच्याकडे माणसं मरतात, दिवाळखोर होतात, क्वचित तुरुंगात जातात. पण राज्य सोडून शेजारच्या ओहायोला जाणं वेगळं.

"डोरीन म्हणते, तिकडे सगळं सपाट आहे, आई, तुला चढायला लागणार नाही. मी म्हटलं, सपाट काय, मेल्यावर सगळंच सपाट आहे. त्याची घाई कशाला?"

"ईस्टरच्या आत रस्ता होईल," लेनी म्हणाला. "शब्द देतो."

यावर लोक मनापासून हसले. कोपऱ्यातल्या टेबलावर लेनीची बायको बसली होती आणि अगदी समोरच्या कोपऱ्यात तिची सख्खी बहीण. दोघींचं कशावरून तरी बिनसलं होतं आणि त्या वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. पण त्याही, आपापल्या कोपऱ्यात, एकदमच हसल्या.

पण लेनीचं एक आहे. त्याला काही येत नसलं तरी माणसाला जेवायला घालता येतं. पुढच्या शुक्रवारी त्यानं निधीच्या समितीचे अध्यक्षच हॅरिसबर्गहून मासा खायला आणले. त्यांना भरपूर मासा, वर पिरोगी, वर कोबी घातलेल्या जाड शेवया, हलुश्की, असं खाऊ घालून जड केलं आणि म्हणाला, "चला, वरून नदी किती छान दिसते ते दाखवतो." नेलं अध्यक्षांच्याच गाडीतून. बेन्कोंच्या घरासमोर गाडीचा सायलेन्सर निखळून पडला. स्टॅशनं तो उचलला, झटकला, आणि खिडकीतून अध्यक्षांच्या मांडीवर ठेवला. "व्हरांड्यात असे अजून आहेत," तो म्हणाला. "तुमच्या गाडीला बसतोय का बघा एखादा बरा."

निधी मंजूर झाला. विधिमंडळाच्या इतिहासात एवढ्या कमी भाषणांत काही मंजूर झालं असेल असं वाटत नाही.

ईस्टरच्या आदल्या सोमवारी ऑगी मुकादमाची टोळी डांबर घेऊन आली. आम्ही सगळ्यांनी आपापल्या गाड्या खाली चर्चच्या पटांगणात नेऊन लावल्या होत्या आणि व्हरांड्यांत बसून रोलर बघत होतो. दुपारपर्यंत रस्ता काळा कुळकुळीत झाला. म्हाताऱ्या बायका काठीच्या टोकानं तो दाबून बघू लागल्या. कुणीतरी ऑगीच्या टोळीला बिअर दिली, कुणीतरी अक्रोडाची पोळी दिली. एकूण लग्नघरासारखं वातावरण होतं.

मंगळवारी तपासनीस आले. मिस्टर टिलमन म्हणून, राज्याच्या पूर्वेकडचे. शांतपणे खालून वर चालत गेले आणि वरच्या वळणावर थांबले.

"हे काय आहे?"

वळणावर, एक गाडी मावेल एवढा चौकोन डांबराशिवाय राहिला होता. कडा सुरीनं कापल्यासारख्या नेटक्या. आत जुना, उखडलेला, विटांचा रस्ता. आणि त्याच्या मधोमध हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, ॲल्युमिनियमची एक घडीची खुर्ची.

"खुर्ची आहे," ऑगी म्हणाला.

"ते दिसतंय. डांबर का नाही?"

"खुर्ची आहे ना!" ऑगी जरा मोठ्यानं म्हणाला. समोरच्याला ऐकू कमी येत असावं असं त्याला वाटलं.

इथे सांगायला हवं की आमच्या टेकड्यांवर गाडी लावायला जागा कमी, आणि ज्यानं बर्फ उपसून जागा मोकळी केली तो तिथे घरातली एक खुर्ची आणून ठेवतो. खुर्ची ठेवली की जागा त्याची. हे कायद्यात नाही. पण चोऱ्या करणाराही परक्याची खुर्ची हलवत नाही. ऑगी पलीकडच्याच टेकडीवरचा.

"गाड्या उचलायची परवानगी होती," तो म्हणाला. "खुर्चीचं कुणी काही बोललं नव्हतं. मी काय परक्याच्या खुर्चीला हात लावू? माझी आई अजून जिवंत आहे, साहेब."

टिलमनांनी एक सुस्कारा सोडला आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या. कुणी ओरडलं नाही. फक्त स्टॅश बेन्को व्हरांड्यातून अत्यंत प्रेमानं म्हणाला, "साहेब, तुमची गाडी तीच ना, ती खाली लावलेली करड्या रंगाची?"

टिलमनांनी हात काढून घेतला. माणूस हुशार होता. "गुरुवारी दुपारी परत येतो," ते म्हणाले. "हा खड्डा भरला नसेल तर रस्ता अपूर्ण, असं लिहून देईन. आणि अपूर्ण रस्त्यावर ज्येष्ठांची गाडी येणार नाही. पुढचं पुढच्या हंगामात."

पुढचा हंगाम म्हणजे मिसेस वारगो ओहायोत.

बुधवारी लेनी खुर्चीचा मालक शोधायला निघाला. खालच्या टोकापासून घरोघरी. बाकी काही नाही, मालकानं येऊन खुर्ची उचलायची, एवढंच. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या खिशात आधीच तीन घरांची बिस्किटं होती. मी म्हटलं, मला वाटतं बेन्कोंची असेल.

"आमची?" बेन्कोंच्या व्हरांड्यात स्टॅश म्हणाला. "आमदारसाहेब, आमची असती तर मी तिच्यावर बसलो नसतो का? ती रुस्नाकांची आहे."

रुस्नाक म्हणाले, ती त्या गेलेल्या आयरिश माणसाची. आयरिश माणूस गेला नव्हता, फक्त घराबाहेर पडत नव्हता. तो म्हणाला, बेन्कोंची. सात वर्षं एवढी टेकडी त्या खुर्चीला वळसा घालून गेली होती आणि प्रत्येकाला मालक ठाऊक होता.

शेवटी एकच घर उरलं, वळणासमोरचं, टोकाचं. तिथे लेनी गेला नाही.

बिनबोलावता सगळीकडे जाणारा हा माणूस मिसेस वारगोंच्या पायरीपाशी थोडा वेळ उभा राहिला, टोपी काढली, परत घातली आणि उतरून निघून गेला. शब्द दिला होता आणि हात रिकामे होते. "आणि त्यांना गाडीच नाही," तो मला म्हणाला. "त्यांची कशी असेल खुर्ची?" माझ्याकडे न बघता म्हणाला.

गुरुवारी सकाळी डोरीन आली. ओहायोच्या नंबरप्लेटची मोठी गाडी, मागची सीट सामानासाठी पाडलेली. आम्ही तोवर परत वर आणलेल्या गाड्यांनी रस्ता भरलेला. ती हळूहळू वर आली, वळणावर पोचली, आईच्या दारासमोरची ती एकमेव रिकामी जागा तिनं बघितली. खुर्ची बघितली. गाडी थांबली. आम्ही व्हरांड्यांतून बघत होतो. तीस वर्षं सपाट मुलखात राहिलेली बाई.

डोरीननं गाडी मागे घेतली, थेट खाली चर्चपर्यंत नेऊन लावली, आणि चालत वर आली. वर पोचली तेव्हा बोलायला तिच्याजवळ श्वास नव्हता.

"अजून आपलीच आहे," स्टॅश म्हणाला.

लेनी वळणावरच उभा होता, ऑगीही, वाफाळत्या डांबराचा ट्रक घेऊन. दार उघडून मिसेस वारगो बाहेर आल्या. अंगावर एप्रन, हाताला पीठ.

"आलीस? दम खा आधी," त्या मुलीला म्हणाल्या आणि लेनीकडे वळल्या. "काय रे? काल पायरीपर्यंत आलास आणि पळालास. मी दोन कप मांडले होते."

"मिसेस वारगो," लेनी म्हणाला, "मी रस्ता आणला. सगळा आणला. पण ही खुर्ची... अख्ख्या गल्लीला विचारलं, कुणाची ते कळत नाही. मला माफ करा."

"मला विचारलंस?"

"तुमची आहे?"

"माझी कशाला? तुझी आहे."

लेनीनं खुर्चीकडे बघितलं.

"पहिल्यांदा निवडून आलास त्या उन्हाळ्यात," मिसेस वारगो म्हणाल्या, "आमदार तुमच्या गल्लीत, असा फलक लावून इथे येऊन बसलास की नाही? घरून खुर्ची आणली होतीस. पहिली मीच आले. म्हटलं, रस्ता. तू म्हणालास, हो. तेवढ्यात तुला आठवलं की खाली बिंगो आहे. उठलास, म्हणालास, आलोच. मग? आलोच म्हणणाऱ्या माणसाची खुर्ची कोण हलवणार? हिवाळ्यात बर्फ मी झाडत होते तिच्यावरचा."

लेनी खुर्चीजवळ गेला, वाकला, हिरवी-पांढरी पट्टी बोटानं चाचपली. मग त्याचा चेहरा असा काही झाला की आम्हाला वाटलं, आता डॉक्टर बोलवावा.

"ही रोझीची खुर्ची आहे," तो पुटपुटला. "माझ्या बायकोची. सात वर्षं ती म्हणतेय, बहिणीनं ढापली. ईस्टरला दोन घरांत दोन वेगळी हॅम शिजतात या खुर्चीपायी!"

स्टॅशला व्हरांड्याचा कठडा धरावा लागला. ऑगी ट्रकच्या पायरीवर बसला आणि डोळे पुसू लागला. डोरीनचा नुकताच परतलेला श्वास हसण्यात पुन्हा गेला.

"पण तुम्ही बोलला का नाहीत?" लेनी म्हणाला. "सोमवारीच सांगायचं! ओहायो..."

"मला कुणी खुर्चीचं विचारलंच नाही. जो तो विचारत होता, ओहायोला कधी जाणार."

लेनीनं खुर्ची उचलायला हात घातला, तशा त्या म्हणाल्या, "थांब. उचलतोस काय? बस आधी. तुझं ऐकून व्हायचंय."

आमदार बसला. जीर्ण पट्ट्या करकरल्या, पण टिकल्या. आणि व्हरांड्यांतून लोक उतरून आले. कुणाला वळणावर दिवा हवा होता, रुस्नाकांना गटाराची जाळी, आयरिश माणसाला, तो बाहेर आला हीच बातमी होती, टपालपेटी घराजवळ हवी होती. स्टॅशला काहीच नको होतं, पण तो रांगेत उभा राहिला आणि नंबर आल्यावर म्हणाला, "साहेब, सायलेन्सर हवाय का?" ऑगीनं दोनदा हॉर्न वाजवला, डांबर गार होतंय म्हणून. लेनी हलला नाही. खाली कुठेतरी नक्कीच बिंगो चालू होता.

सगळ्यांत शेवटी मिसेस वारगो आल्या. "माझं झालं रे," त्या म्हणाल्या. "ऊठ आता."

टिलमन दुपारी आले तेव्हा चौकोनातून अजून वाफ निघत होती. त्यांनी पायानं दाबून बघितलं, सही केली आणि कुणी काही विचारायच्या आत करड्या गाडीत जाऊन बसले.

गुड फ्रायडेला ज्येष्ठांची गाडी हेमलॉक स्ट्रीट चढून वर आली. मिसेस वारगो पुढच्या सीटवर राणीसारख्या बसून खाली तळघरात गेल्या. डोरीनही गेली, चालत. पिरोगीच्या टेबलावर तिला लाटायला बसवलं. तिची पारी आईनं उजेडाकडे धरली, बराच वेळ धरली आणि खाली ठेवली. डोरीन भांडी घासायला गेली नाही. लेनी आला, मासा खाल्ला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, "खरा मासा इथलाच." मागे एकाच टेबलावर त्याची बायको आणि मेहुणी बसल्या होत्या. मधे घडी केलेली हिरवी-पांढरी खुर्ची होती, आणि दोघी तावातावानं भांडत होत्या की ती मुळात आईनं दिली कुणाला.

ईस्टरनंतर डोरीन ओहायोला परतली, एकटीच. निघताना स्वयंपाकघरातली एक लाकडी खुर्ची तिनं बाहेर आणली आणि वळणावर, नव्या गुळगुळीत डांबराच्या मधोमध ठेवली.

"मे महिन्यात येते, आई. आलेच," ती म्हणाली.

"ये," मिसेस वारगो म्हणाल्या. "मी बघते तिच्याकडे."

आम्ही सगळे वळसा घालून जातो.