वकीलसाहेबांच्या कोटावरचे केस

"हे बघा! परत तेच!" वकीलसाहेबांनी काळा कोट माझ्या इस्त्रीच्या टेबलावर आपटला. "कोट धुवायला देतो की केस चिकटवायला?"

मी कॉलर डोळ्यांजवळ नेली आणि मागच्या खोलीकडे तोंड करून अशी किंचाळले, की साहेब मागे सरकले. "अहो, या! आधी बाहेर या! गबाळ्याचे केस सापडले!"

गबाळ्या म्हणजे आमचा कुत्रा. पांढराशुभ्र, केसाळ. लॉन्ड्रीत असला कुत्रा पाळणारे शहाणे आम्हीच! त्याच्यापायी गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. गेल्या आठवड्यात तो गेला. आणि आमच्या ह्यांनी काय करावं? त्याला पुरून आले आणि डोळे पुसत पुसत त्याची चादर, पट्टा, गादी, सगळं मशीनमध्ये टाकलं. गरम पाणी, डबल साबण. हाताला सवयच ती, मळकं दिसलं की टाक. मशीन थांबल्यावर चादर नाकाला लावली, तेव्हा कळलं. वास नाही, एक केस नाही. दुकान तर रोजच झाडून-पुसून लख्ख. तेव्हापासून माणूस मागच्या खोलीत बसून. धड जेवण नाही, बोलणं नाही. "मीच धुऊन टाकलं त्याला," एवढंच. मी समजावलं, ओरडले, भांडलेसुद्धा. काही उपयोग नाही.

हा कोट मात्र गबाळ्या असतानाच इथून गेलेला!

हे अनवाणी धावत आले. "कुठंय? कुठंय? हात लावू नकोस!"

"नाही लावत बाई! तुम्हीच बघा!"

दिव्याखाली कोट धरला. कॉलरवर दोन, खांद्यावर एक, आणि खिशात तर झुबकाच! आम्ही दोघं पोरांसारखे ओरडत होतो. मी चिमट्याने केस उचलत होते आणि हे बटणांच्या रिकाम्या बाटलीत झेलत होते. झेलता झेलता हसायला लागले, आणि हसता हसता हमसून हमसून रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा! किती बरं वाटलं मला!

वकीलसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "ते दारात आडवं पडलेलं असायचं... ते गेलं?"

ह्यांनी मान हलवली, नाक पुसलं आणि ब्रश उचलला. "द्या साहेब, कोट साफ करून देतो. एक केस राहणार नाही."

साहेबांनी कोट पटकन ओढून घेतला. कॉलरवर एक केस अजून होता.

"दर वेळी त्याला ओलांडूनच आत यायचो," ते म्हणाले. "हा एक राहू दे."