आरशासमोरची शिकवणी

आमच्या ह्यांना आरशाशिवाय बोलता येत नाही. उभं आयुष्य सलूनमध्ये गेलं. गिऱ्हाईक खुर्चीत, हे त्याच्या मागे, आणि गप्पा समोरच्या आरशात. घरी मी समोर उभी असले तरी ह्यांची नजर आधी कपाटाच्या आरशाकडे जाते. लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, हा माणूस स्वतःवर फारच खूश दिसतोय. नंतर कळलं, ती धंद्याची खोड आहे.

अशा माणसाने साठी उलटल्यावर खुणांची भाषा शिकायला घेतली, आणि तीही कोणाला न विचारता. कारण आमची नात. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती आणि तिचे आईबाप हातांनी बोलतात, ते इतकं भराभर की आम्ही दोघं आपली नुसती मान डोलवतो. मागच्या सुट्टीत लेक तिला दुपारपुरती आमच्याकडे सोडून कामाला गेली. थोड्या वेळाने पोरगी रडायला लागली. आम्ही दूध दिलं, बिस्किटं दिली, टीव्ही लावला. ती तोंडाकडे हात नेत होती म्हणून आणखी बिस्किटं दिली. तिने ती भिरकावून दिली आणि आईची पर्स कवटाळून दाराशी बसली. संध्याकाळी लेक आली तेव्हा कळलं, पोरीची दाढ ठणकत होती.

त्या दिवसापासून ती आमच्याकडे एकटी राहायला तयार नाही. तिचं काय चुकलं म्हणा.

चार दिवसांनी मी ह्यांना सलूनमध्ये डबा द्यायला गेले, तर आरशाच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने मोबाईल लावलेला. त्यात निळ्या कपड्यातल्या एक बाई खुणा शिकवत होत्या आणि हे समोर उभे राहून हात हलवत होते. पहिले शब्द शिकले ते दुखण्याचे. दात, पोट, कान, डोकं. मग कुठे, किती, कधीपासून. खाण्यापिण्याचे शब्द कितीतरी नंतर आले. गिऱ्हाईक नसलं की शिकवणी सुरू. गिऱ्हाईक असलं तरी अधूनमधून चालूच. एकदा हातात वस्तरा असताना ह्यांनी सूर्य उगवून दाखवला. ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही.

मी चेष्टा करायची ती केलीच. शाळेत पाढे पाठ करताना ज्यांना घाम फुटायचा, ते आता जेवताना माझ्याकडे बघून मीठ मागायला बोटं नाचवायला लागले. पण सगळं उत्तम जमत होतं. हे स्वतःच सांगायचे, "आरशात बघ. त्या बाई करतात आणि मी करतो, यात तसूभर फरक नाही." आणि खरंच नव्हता.

मग लेकीचा फोन आला. तिला कामात बढती मिळणार होती, पण त्याआधी महिनाभर दुसऱ्या गावी ट्रेनिंग. जावई फिरतीवर. "बाबा, ती तुमच्याकडे राहायला हो म्हणाली तर मी जाईन. मी तिच्यावर जबरदस्ती नाही करणार. रविवारी घेऊन येते. तिलाच ठरवू दे."

हे फोन ठेवून हसले. शिकल्याचं त्यांनी लेकीला सांगितलंच नव्हतं. समोर आल्यावर दाखवायचं होतं.

नेमका त्याच आठवड्यात बँकेतला एक तरुण केस कापायला आला. त्याच्या शेजारच्या टेबलावर ऐकू न येणारा एक सहकारी बसतो, त्यामुळे त्या तरुणाला थोड्या खुणा येतात. ह्यांनी हौसेने त्याची खुर्ची वळवली आणि समोर उभं राहून दोन-तीन वाक्यं करून दाखवली. तो तरुण म्हणाला, "काका, सगळं उलटं करताय तुम्ही. उजव्या हाताने करायचं, तुम्ही डाव्याने करताय."

मग लक्षात आलं. बाईंचा उजवा हात मोबाईलमध्ये ह्यांच्या डाव्या बाजूला दिसायचा, म्हणून हे डावा हात उचलायचे. आणि आरशात बघितलं की दोघं अगदी सारखे दिसायचे. दुसऱ्या कोणाला शंका तरी आली असती. ह्यांचा तर आरशावरच विश्वास.

दुकान अर्ध्या दिवसातच बंद करून हे घरी आले. "सगळं पाण्यात गेलं," म्हणाले आणि खुर्चीत बसले. रविवारपर्यंत उजव्या हाताने सगळं पुन्हा बसवायचा घाट घातला. उजव्या हाताला कात्री तेवढी ठाऊक. एक खूण धड होईना. डावा हात मध्येच उठायचा, की हे त्याला मांडीखाली दाबून ठेवायचे. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "येतंय तसं बोला हो. काय व्हायचं ते होईल."

"तिला दाढेचं बिस्किट करून दिलं एकदा," हे म्हणाले. "आता पुन्हा काहीतरी भलतंच सांगितलं तर ती आयुष्यात इथे यायची नाही."

रविवारी लेक आली. पोरगी सोफ्याच्या कडेला बसली. बूट काढले नाहीत, पाठीवरची बॅगही नाही. हे समोर उभे राहिले, उजवा हात छातीपर्यंत नेला आणि तिथेच अडकले. पोरीने एकदा बघितलं आणि मान फिरवली. लेकीचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं. ट्रेनिंग गेलं, पोरगीही गेली.

पोरगी वाकून टाच चोळायला लागली. बूट नवे होते आणि चावत असणार. ते ह्यांच्या लक्षात आलं, आणि बाकी सगळं विसरून ह्यांचा डावा हात उठला. दुखतंय? कुठे?

ती टाच चोळायची थांबली. तिने ह्यांच्या हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, मग आईला काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"विचारतेय, आजोबा डावखुरे आहेत का."

"अगं, सगळं उलटं झालंय माझं," हे घाईघाईने म्हणाले. "आरशात बघून शिकलो. चुकलंच. तिला सांग, आजोबा पुन्हा शिकतील नीट."

लेक आ वासून बघत होती. "बाबा, तुम्ही शिकलात? कधी? आणि उलटं कसलं? डावखुरी माणसं अशीच बोलतात. तिच्या वर्गात दोन मुलं अशीच बोलतात. तिला सगळं कळलं."

हे खाली बसले. बसले म्हणजे टेकलेच. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत राहिले आणि मोठा श्वास सोडला. मलाही इतकं हलकं वाटलं की मी उगाच उठून पंखा मोठा केला.

पोरगी ह्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसली आणि सुरू झाली. ह्यांनी मध्येच हात उंचावून हळू म्हटलं. ती हळू झाली. बूट एक नंबर लहान आहेत, दुकानातच सांगितलं होतं, आई ऐकत नाही, असं काहीसं असावं, कारण लेक हातांनी सांगता सांगता तोंडानेही म्हणाली, "अगं, खोटं सांगू नकोस," आणि मध्ये पडून ह्यांना समजावायला लागली. पोरीने आईचे दोन्ही हात धरले, तिच्या मांडीवर ठेवले आणि पुन्हा आजोबांकडे वळली.

पोरीच्या जन्मापासूनच्या नऊ वर्षांत माझ्या लेकीचे हात चारचौघांत असे रिकामे बसलेले मी बघितले नव्हते. ती सोफ्यावर मागे टेकली. डोळे भरून आले होते तिचे.

ह्यांचं अर्धं चुकत होतं. पोरगी बोट धरून दुरुस्त करायची, हे पुन्हा करायचे. बूट निघाले, बॅग निघाली. चहा गार झाला तरी कोणी विचारेना.

शेवटी लेकीला राहवेना. गाडीची वेळ होत आली होती. तिने पोरीच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढे वाकून तिच्या डोळ्यांसमोर हात नेऊन विचारलं, राहशील का इथे? पोरीने मान न वळवता एका हाताने काहीतरी केलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

लेक हसत होती आणि रडतही होती. "म्हणते, थांब जरा. आजोबा बोलतायत."